एकशिंग्या बैलाचा ग्रामीण मार्ग

महिना उलटला, पण शेजारी राहणाऱ्या धर्माचा तो फोन कानातून जात नाही. "दादा, काकांच्या छातीत कळ आलीय. गाडी फाट्यावर उभी हाय, पुढे येत नाय." मी शहापूरला, रुग्णवाहिका फाट्यावर, माझे चुलते बारकूकाका डोळखांबच्या पुढल्या आमच्या पाड्यात... आणि मधे आमचा रस्ता. सरकारदरबारी तो 'ग्रामीण मार्ग', म्हणजे सगळ्यात खालची पायरी. जिल्हा मार्ग झाला असता तर डांबर पडलं असतं. पण वर चढायला रहदारी दाखवावी लागते. काका बांधकाम कचेरीतल्या साहेबाला विचारायचे, "रस्ताच नाय तर गाडी उडत येल का?"

काकूला झोळीतून दवाखान्यात नेताना ती वाटेतच गेली, तेव्हापासून त्यांनी हा ध्यास घेतला. कचेरीत इतके खेटे घातले की अखेर तिथले दोघंजण फाट्यावर खुर्च्या टाकून रहदारी मोजायला बसले. तेही दिवाळीनंतर, निम्मा पाडा वीटभट्ट्यांवर मजुरीला गेल्यावर. समोरून बायका मोळ्या घेऊन जात होत्या. त्या मोजायच्या नव्हत्या. मोजायची फक्त चाकं.

मग मी अक्कल पाजळली. पाड्यात बैलगाडी एकच, काकांची. ती फाट्यावरून न्यायची, ओढ्यातून गुपचूप मागे आणायची, पुन्हा न्यायची. दर फेरीला मी नवा माणूस: कधी टोपी, कधी मुंडासं, शेवटी बायकोची शाल. काकांना ते दोघे ओळखत, म्हणून काका पेंढ्याखाली आडवे. तिसऱ्या फेरीला एकानं विचारलं, "काय हो, तुमच्याकडं सगळ्यांच्याच जोडीत एक बैल एकशिंगी?" बैलाला शाल पांघरायचं मला सुचलंच नव्हतं. तेवढ्यात पेंढा खदखदा हसायला लागला.

'बैलगाडी एक' लिहून ते गेले. आमचं सोंग खोटं होतं, कबूल. पण त्या मोळ्या खोट्या होत्या? काकूची झोळी खोटी होती? रस्ता कशासाठी आहे हे चाकं ठरवणार, आणि ज्यांना चाकं नाहीत त्यांनी वाटेत मरायचं, हा कुठला हिशेब?

त्या दिवशी धर्मानं काकांना त्याच गाडीत, पेंढ्यावर निजवलं. धर्मा सांगतो, ओढ्यापाशी काका पुटपुटले, "आज खरा माल हाय रे... मोजायला सांग त्यांना." फाटा येईपर्यंत ते संपले होते.

बैल धर्मानं घरी नेले. गाडी मात्र मी फाट्यावरून हलवू दिलेली नाही. पुन्हा कुणी मोजायला आलं, तर खुर्च्या तिच्याशेजारीच मांडाव्या लागतील. गाडीच्या साटीत पेंढा अजून तसाच आहे, मधोमध दबलेला.