गाळलेलं पेट्रोल

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. सख्ख्या बहिणीपाशी नाही, पोटच्या लेकीपाशी नाही. ज्यांना सांगायला हवी होती ते गेले, तेव्हा कुठे माझी जीभ सैल झाली — आता ओळखा, मी किती धीराची बाई आहे ते.

सुरुवात कुठून करू? बग्गीपासून करते. इतकी वर्षं सगळं तिच्याच माथी मारलं, आता आणखी थोडं.

लग्न होऊन मी डोणगावहून धामणगाव बढ्याला आले तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. भरलं घर — सासू, भासरे म्हणजे माझे थोरले दीर, जाऊ. आणि आमचे हे. त्या घरात नवऱ्याने दिवसाउजेडी बायकोशी बोलायची रीत नव्हती. मी हातभर अंतरावर उभी असले तरी हे आईला म्हणायचे, ‘पाणी दे म्हना तिले.’ आणि रात्री? रात्री थकलेला माणूस झोपतो. मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त माझ्याशी कुणी बोललं नाही.

यांना इंजिनांचं वेड होतं. विहिरीवरच्या इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कुठे काय बिघडलंय ते सांगायचे. गावातल्या एका मालदाराची जुनी बग्गी घोडा मेल्यापासून गोठ्यात पडून होती, ती यांनी मागून आणली. खामगावच्या भंगारातून लढाईच्या वेळच्या फटफटीचं इंजिन आणलं आणि बग्गीच्या मागच्या अंगाला बसवलं. गाव बघायला लोटलं. बग्गीनं घोडा गिळला, म्हणून लोक हसायचे.

इंजिन सुरू व्हायचं, वेशीपर्यंत जायचं आणि काळा धूर सोडून बसायचं. त्याला दोन कार्बोरेटर होते. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोलात हवा मिसळून इंजिनाला पाजणारं भांडं — हे मला यांनीच शिकवलं. अंगणात पोतं अंथरून हे सगळं खोलून बसले, आणि आतल्या सुया, बारीक भोकांचे जेट धरायला माझी बोटं कामी आली. यंत्राचं काम म्हटल्यावर सासूबाईंना काही बोलता येईना. आणि हे बोलायला लागले! सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, माझ्याशी, सरळ माझ्याकडे बघून.

‘हे इंजिन थंड्या मुलखातलं हाय वं. याले आपलं ऊन समजत नाही, लागते त्याच्याहून जास्त पेते.’ मग दोन्ही सुया एकेक खाच खाली उतरवल्या. रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि दुसरं माझ्या कानाशी — ‘दोघाईचा श्वास सारखा येऊन राह्यला का?’ मी सारखा आहे म्हटलं की ते खूश व्हायचे. तेवढे दिवस मी सुखी होते. खोटं कशाला सांगू, पुढे लेकरं झाली तेव्हाही तसं सुख वाटलं नाही.

मग बग्गी दुरुस्त झाली. मोताळ्यापर्यंत जाऊन आली. हे दिवसदिवस तिच्यावर, आणि मी परत चुलीपाशी. ‘पेट्रोल गाळून ठेव म्हना तिले’ — परत सासूबाईंच्या तोंडून. जुन्या मऊ लुगड्याचा चौपदरी तुकडा घेऊन पेट्रोल गाळायचं आणि टाकीत ओतायचं, एवढंच काम माझ्याकडे उरलं. त्याचं कारणही यांनीच सांगितलं होतं — ‘एवढासा कापूस जरी टाकीत गेला ना, तर गाडी बसली म्हनून समज.’

कापसाच्या मुलखात कापूस शोधावा लागतो का? मी रोज देवापुढच्या वाती वळत होते.

पहिल्यांदा केलं तेव्हा — आता इथवर आलेय तर सांगून टाकते — वातीसाठी पिंजलेल्या कापसातली चिमूट टाकीत टाकली. गाडी निघाली की तो बोळा पेट्रोलाबरोबर ओढला जाऊन टाकीतून निघणाऱ्या नळीच्या तोंडाशी अडकायचा. गाडी थांबली की सुटून बाजूला व्हायचा. हे कार्बोरेटर खोलायचे, तर ते लख्ख. परत सुरू करायचे, चालायची, परत बसायची. मग अंगणात पोतं, माझी बोटं, रबरी नळी. दोन दिवस मनासारखे गेले की पेट्रोल उपसून पुन्हा गाळायच्या निमित्ताने मी तो बोळा काढून घ्यायची. बग्गी बरी व्हायची. असं मी दोनदा केलं.

तिसरी वेळ रोहिणखेडच्या लग्नाची. नवरदेव बग्गीतून जाणार होता. वरातीत मलकापूरचा एक गॅरेजवाला पाहुणा होता. बग्गी नीट पोचली तर तो यांना कामाला नेणार होता. ‘खोली भेटेपर्यंत तू इथंच राह्य,’ हे मला म्हणाले. किती खुशीत म्हणाले! मी विचारलं नाही की खोली कधी मिळेल. माझ्याशिवाय करमेल का, तेही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? मी आत गेले आणि वातींच्या डब्यातून कापूस घेतला. या वेळी चिमूटभर नाही.

रस्त्यावर काय झालं ते मी पाहिलं नाही, भासऱ्यांनी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. भर उन्हात, सगळ्या वऱ्हाडासमोर, यांनी नव्या सदऱ्यानिशी दोन्ही कार्बोरेटर तीनदा खोलले. शेवटी कुणाची तरी बैलजोडी जुंपली आणि नवरदेवासकट बग्गी ओढत नेली. हे बाजूने पायी चालत गेले. गॅरेजवाला म्हणाला, याच्यासाठी कान लागतो, तो सगळ्यांपाशी नसतो.

‘पेट्रोलातच कचरा असन बे,’ भासरे म्हणाले. त्यांना बरोबर कळलं होतं. मी दाराआड उभी होते.

‘नाही दादा,’ हे म्हणाले. ‘पेट्रोल हिनं गाळेल हाय. हिच्या हातून कचरा जाऊच शकत नाही. माह्याच हाताले यश नाही.’

तेव्हा बोलायचं होतं. दोन पावलं पुढे होऊन बोलायचं होतं. मी दुसऱ्या दिवशी टाकी उपसली, बोळा काढला आणि चुलीत टाकला. तो भपकन पेटला, सासूबाई दचकल्या, आणि मी म्हटलं, तूप सांडलं.

बग्गी भंगारात गेली. हे वावरात जायला लागले. मला हवे तसे माझ्याजवळ राहिले — जन्मभर. शेजारचे इंजिन दाखवायला यायचे तर हे हात मागे बांधून उभे राहायचे. लेकाची फटफटी अंगणात बंद पडली तेव्हा उठून घरात गेले. अंगणात पोतं पुन्हा कधी अंथरलं नाही, आणि मग माझ्याशी बोलायला त्यांच्यापाशी काही उरलं नाही.

एकच गोष्ट ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. सून चहा द्यायची, कपात चहापत्ती यायची, आणि ते बोटाने ती काढता काढता तिला म्हणायचे, ‘गाळावं तं तुह्या सासूनं.’ मी समोर बसलेली असायची. दरवेळी मी पदर सावरला आणि हसले.