आत्या म्हणवणारी

कवळ्या करणाऱ्या त्या बाईचे हात कधी स्वस्थ नसत. डेंटल लॅबमध्ये दिवसभर ती साच्यावर मेणाची पट्टी बसवी, मेणात एकेक दात रोवी, आणि काम नसलं की टेबलावर सांडलेलं प्लास्टर नखाने खरवडत बसे. "अगं, भोक पडेल टेबलाला," मालक म्हणे. पण गेल्या महिन्याभरात तिची चुळबुळ फारच वाढली होती. एकदा तर वरचे दात तिने खालच्या साच्यात बसवायला घेतले. कारण सांगावं तर कोणाला कळण्यासारखं नव्हतं. तिला तिच्या जुन्या मंडळींत परत जायचं होतं, आणि मंडळी तिला आत घेत नव्हती.

मंडळी म्हणजे इंटरनेटवरची. एका छोट्या ब्लॉकचेनभोवती जमलेली काहीशे माणसं. नोंदींची एकच साखळी, प्रत्येकाच्या संगणकावर तीच; कुणी एकटा गुपचूप त्यात काही बदलायला गेला तर बाकीच्यांच्या लगेच ध्यानात येई. मालक कोणीच नाही, म्हणून राखण सगळ्यांनी करायची. तिथे खऱ्या नावाने कोणी वावरत नसे. तिला सगळे 'आत्या' म्हणत, कारण नवख्यांना ती चांगलं फैलावर घेई. "खात्याच्या गुप्त शब्दांचा फोटो काढून ठेवलास? त्यापेक्षा घराची किल्ली दारालाच लटकव ना!" लोक बोलणी खात आणि पुन्हा तिलाच विचारायला येत. एक गवंडी होता, खराखुरा, दिवसभर विटा रचणारा, वयाने तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठा. तोही तिला आत्याच म्हणे.

मग पोरगी झाली, तीही दिवस भरायच्या आधी. पहिलं वर्ष तिचं वजन आणि ताप बघण्यात गेलं, दुसरं तिच्यामागे धावण्यात. तिसऱ्यात कधीतरी लॅबमधल्या नव्या मुलीने तिला विचारलं, "ताई, हे मेण मऊच राहतंय, काय करू?" आणि तिला एकदम भरून आलं. आपल्याला कोणी काही विचारून किती दिवस झाले? म्हणजे 'माझा दुसरा मोजा कुठाय' सोडून. त्याच संध्याकाळी जुन्या खात्यातून तिने लिहिलं, "मंडळी, मी आले. कसे आहात सगळे?"

उत्तर आलं ते असं : "तुमचं लिहिणं तूर्त बंद केलं आहे."

लिहिणारी होती 'कडीकुलूप' नावाची नवी राखणदार. तिचं काही चुकलं नव्हतं. वर्षाहून जास्त गप्प असलेलं खातं अचानक बोलायला लागलं तर ते चोरीला गेलंय असंच धरायचं, हा तिथला नियम. आणि तो नियम कोणी केला होता? आत्याने. पूर्वी एका गेलेल्या सभासदाच्या खात्यात शिरून कोणी भामटा गोडगोड बोलत राहिला होता, तेव्हा.

आपण आपणच आहोत हे दाखवायला तिने आपले बारा गुप्त शब्द वापरून सही करायची होती. घोडं तिथेच पेंड खात होतं. शब्दांचा कागद चोराच्या हाती लागू नये म्हणून तिने इतका जपून लपवला होता, की घर बदलल्यावर तो तिच्याही हाती लागेना. खण उपसले, गाद्यांच्या खोळी उसवल्या, शिवणाचा डबा पालथा केला.

"काय हरवलंय एवढं?" सासूबाईंनी विचारलं.

"साखळीची किल्ली."

"आमच्या वेळी साखळी गळ्यात घालायचे. तिला किल्ली लागत नव्हती."

ती कडीकुलूपला खासगीत लिहू लागली. 'पोरगी आता उठेल, जरा लवकर बघता का?' 'आहात का?' 'प्लीज, मला परत वेळ मिळणार नाही.' उत्तर शांतपणे आलं : "ताई, घाई करणाऱ्यावर आधी संशय घ्यावा, असं आमच्या नियमांत लिहिलंय." तेही तिनेच लिहिलेलं. तेव्हा तिला मूल नव्हतं. सरळ माणसालाही सकाळपासून झोपेपर्यंत घाईच असू शकते, हे तिला कुठे ठाऊक होतं?

एकच वाट उरली. जुन्या कोणीतरी तिच्याशी फोनवर बोलायचं आणि कुठेही लिहिलेलं नाही असं काहीतरी विचारायचं. नुसता आवाज ओळखून भागत नव्हतं. हल्ली आवाजही चोरता येतो. पूर्वी तिच्याशी फोनवर बोललेल्यांपैकी आता फक्त गवंडी उरला होता. तो आज बघू, उद्या बघू करत राहिला. शेवटी रविवारची दुपार ठरली. पोरगी झोपली, सासूबाई शेजारी गेल्या, आणि ती लॅपटॉपसमोर बसली. गवंडी आणि कडीकुलूप दोघंही फोनवर होती.

"बोला," गवंडी म्हणाला. आवाज तोच, पण कोरडा.

"दादा, बरे आहात ना? गुडघा कसा आहे?"

"गुडघ्याबद्दल मी तिथे शंभरदा लिहिलंय. ते कोणीही वाचेल." तो म्हणाला. "आपण शेवटचं बोललो, तेव्हा जाताना काय म्हणाली होतीस?"

तो दिवस तिला आठवत होता तो पाठीतून निघालेल्या कळेपासून. त्याआधी फोन चालू होता का? बहुतेक होता. सासूबाईंची हाक, टॅक्सी, दवाखान्यातला पिवळा पडदा... पण बोलणं?

"सांभाळा, असं म्हणाले असेन."

"नाही."

"उद्या बोलू?"

"अंदाज नका करू, ताई," कडीकुलूप म्हणाली.

ती उठून उभी राहिली, पुन्हा बसली, खुर्चीच्या कडेचं रेक्झिन सोलू लागली. एवढ्यात आतून धप्पकन आवाज आला आणि पाठोपाठ पोरीचं भोकाड.

"आलेच हं दादा, फोन ठेवू नका!" म्हणत ती धावली.

पोरगी पलंगावरून पडली होती. कपाळावर टेंगूळ. बर्फ लाव, पाणी पाज, पलंगाला फटके मार, असं सगळं होऊन तिला कडेवर घेऊन ती परतली तेव्हा फोन अजून चालू होता.

"लागलं का पोरीला?" गवंड्याने विचारलं.

"टेंगूळ आलंय. माफ करा हं. माझं उत्तर राहिलं."

"दिलंस की. त्या दिवशीही हेच म्हणालीस. आलेच हं दादा, फोन ठेवू नका." त्याचा आवाज जड झाला. "मी ठेवला नव्हता. बॅटरी संपेपर्यंत धरून बसलो होतो. नंतर किती दिवस मला वाटत होतं, बाई गेली."

पोरगी तिची बट ओढत होती.

"कडीकुलूप, उघड हिचं खातं," तो म्हणाला. "आत्याच आहे ही."

"उघडते."

"थांबा!" ती जवळजवळ ओरडली. "हे उत्तर चालणार नाही. पोर रडल्यावर कुठलीही बाई हेच म्हणेल. उद्या एखादा भामटा मागे रडण्याचा आवाज लावून आला तर? त्यालाही आत घ्याल?"

"अगं, पण तूच आहेस ना?"

"आहे. पण मला सिद्ध करता आलेलं नाही."

"तीन वर्षांनी उगवलीस, आणि तेही भांडायला!" गवंडी चिडला. "महिनाभर या कडीकुलूपच्या मागे लागली होतीस ना, लवकर घ्या म्हणून?"

"हो, लागले होते. तरी नाही."

कडीकुलूप हळूच म्हणाली, "मग एकच होईल. जुनं खातं कायमचं बंद. तुम्हाला नव्या नावाने, नवख्या म्हणून यावं लागेल. आठवडाभर नुसतं वाचायचं. आणि आत्या हे नाव परत कोणालाच मिळत नाही."

तिला क्षणभर वाटलं, गिळावेत मघाचे शब्द. त्या नावाने हाक मारणारं दुसरं कोणी नव्हतं. भाऊच नव्हता तिला. तिने डोळे पुसले, नवं खातं उघडलं आणि नावाच्या चौकटीत सुचलं ते टाकलं : 'टेंगूळ'.

नवख्यांची खोली समोर आली. कोणीतरी विचारलं होतं, संगणक बंद पडला तर माझं खातं जाईल का? त्याला दुसऱ्या कोणीतरी बेधडक सांगितलं होतं, हो, सगळं गेलं समजा.

"अहो दादा, काय सांगतोय हा! घाबरून जाईल तो माणूस!" ती पोरीला कडेवर घेऊन येरझाऱ्या घालायला लागली. "मला लिहिताही येत नाहीये!"

"नवखी आहेस. आठवडाभर गप्प बस."

"आठवडाभर? तोवर तो काहीतरी करून बसेल!"

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"सांग," गवंडी म्हणाला. "मी लिहितो."

"लिहा. संगणक गेला तरी खातं जात नाही. गुप्त शब्द नीट ठेवलेत ना, मग दुसऱ्या संगणकावर... नको, 'कृपया' कशाला घालताय? सरळ लिहा, खोडा ते!"

"खोडलं. पुढे?"