मागे कोणी नव्हतं तेव्हा

नर्सिंग शिकत असताना माझ्या मागे कायम कोणीतरी उभं असायचं. इंजेक्शन भरलं की मान वळवायची, ट्यूटर मॅडम औषध बघून "हं, दे" म्हणायच्या, मगच माझा हात पुढे जायचा. ही सवय इतकी मुरली की पदवी मिळाली, भाईंदर पश्चिमेला एका छोट्या हॉस्पिटलात नोकरी लागली, तरी मान वळतच राहिली. आता मागे फक्त भिंत होती.

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. गिरगावची खोली सोडून आई आणि मी पेणकरपाड्याला राहायला आलो होतो. पुरुष नर्स ही गोष्ट शेजारी कोणाच्या पचनी पडत नव्हती. "काय वहिनी, मुलगा सिस्टर झाला म्हणे?" असं जिन्यात विचारायचे. "ब्रदर म्हणतात हो," असं हसून सांगत आई वर यायची आणि दार लावून घ्यायची. तिच्यासाठी मी सोसतोय असं मला वाटायचं. खरं तर तीच माझ्यासाठी सोसत होती, आणि ते मला फार उशिरा कळलं.

बदलीचं माणूस आलं नाही की दुसरी पाळीही माझ्याच अंगावर पडायची. पाय सुजायचे, पण त्याहून मन थकलं होतं. प्रत्येक औषध देताना वाटायचं, आता चुकलो तर पकडणारं कोण आहे? लहानपणापासून मी घरच्या दत्ताच्या तसबिरीपुढे दिवा लावत आलो होतो, तोही बंद केला. पाठीशी कोणीच नसेल तर दिवा कोणासाठी, असा राग मनात होता. त्या दुपारी घरून निघताना ठरवलंच, पाळी संपली की मुख्य नर्सना, म्हणजे मेट्रनना सांगायचं, मला हे जमणार नाही.

वॉर्डात आमच्याच पाड्यातली एक म्हातारी आजी छातीच्या दुखण्याने दाखल होती. तिला नवं अँटिबायोटिक सुरू व्हायचं होतं. असं औषध पहिल्यांदा देण्याआधी हाताच्या कातडीखाली त्याचा थेंबभर टोचायचा, त्या जागेभोवती पेनाने गोल करायचा, आणि लाल गांधी उठत नाहीत ना हे बघून मगच पूर्ण औषध द्यायचं, अशी पद्धत. "खिडकीजवळच्या बाईंची टेस्ट झालीय," असं सकाळच्या सिस्टर जाताना सांगून गेल्या. खिडकीजवळ आजीच होती. मी सिरिंज भरली, सलाइनच्या नळीला लावली, आणि सवयीने मान मागे वळवली.

मागे भिंतीवर हॉस्पिटलची दत्ताची तसबीर होती. मी तिच्याकडे बघत नव्हतो. पण आजीला तसंच वाटलं.

"देवाला इचारतंस काय रं बाला? इचार, इचार. मी पन हात जोडतंय."

तिने सलाइनच्या हातासकट दोन्ही हात उचलून जोडले. हिरव्या बांगड्या खळखळत कोपरापर्यंत घसरल्या आणि दोन्ही हात आतून उघडे पडले. कुठेही पेनाचा गोल नव्हता.

मी सिरिंज काढून घेतली. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा हात पाहिला, गोल तिथे होता. दुपारी पाळी बदलायच्या गडबडीत आजीने वारा हवा म्हणून त्यांच्याकडून खिडकीची खाट मागून घेतली होती. मी आजीची टेस्ट केली आणि तिच्याजवळ बसून राहिलो. थोड्याच वेळात त्या जागी लालभडक गांधी उठल्या. डॉक्टरांनी औषध बदललं. पूर्ण औषध गेलं असतं तर काय झालं असतं, ते सांगायला त्यांचा चेहरा पुरेसा होता.

आजीपासून लपवणं मला जमेना. म्हटलं, "आजी, तुमची टेस्ट झालीच नव्हती. मी तपासलं नाही. आज मी चुकलो असतो."

"चुकला असता ना? चुकलास न्हाय ना? मंग रडतंस कशाला? जेवलास काय?"

मेट्रनसमोर गेलो, पण नोकरी सोडायचं न बोलता घडलं ते सांगून परत वॉर्डात आलो. घरी पोचल्यावर कपडे न बदलताच दिवा लावला. आईने वात तेवढी पुढे सारली.

कोणी याला योगायोग म्हणेल, मी वाद घालणार नाही. ज्या सवयीची मला लाज वाटत होती, त्याच सवयीतून दत्ताने माझा हात धरला, एवढं मला ठाऊक आहे. मी रागावून दिवा बंद केला, त्याने आपली जागा सोडली नाही. त्या उपकाराचं ओझं अजून मनावर आहे आणि ते उतरावं असंही वाटत नाही. थकवाही गेला नाही, पण चूक पकडायला मी एकटा आहे ही भीती मी तेव्हापासून त्याच्या पायाशी ठेवली. काम मात्र माझं मीच करायचं.

आता नवी मुलं इंजेक्शन भरून माझ्याकडे मान वळवतात. मी लगेच "हं" म्हणत नाही. आधी पेशंटचा हात बघायला सांगतो.