पाण्याआधी पद

माझ्या सासूबाईंना देव पदं सांगायचा. हे मी नाही म्हणत, त्या म्हणायच्या, आणि चौबे कॉलोनीतल्या आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी बायका माना डोलवायच्या. मी अमरावतीची, बीएस्सी झालेली, डोकं जरा तापट. लग्न होऊन रायपूरला आले तेव्हा मनात म्हटलं, झालं, आता जन्मभर हे ऐका.

पण त्या बाईत ढोंग नावाला नव्हतं. अंगात येणं नाही, घुमणं नाही. गहू निवडता निवडता हात थांबायचे आणि त्या हळूच म्हणायच्या, "उतरलं." मग जी बाई समोर असेल तिला बसवून ते पद म्हणून दाखवायच्या. कागदावर उतरवू द्यायच्या नाहीत. लिहिलं की ते आपलं होतं, देवाचं राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि एक नियम फार कडक होता. पद उतरलं की ते दुसऱ्या बाईच्या कानावर घातल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही.

"निरोप आहे तो," त्या म्हणायच्या. "निरोप पोचवाच्या आधी कोणी पाणी पेते काय?"

बहुतेक वेळा ती समोरची बाई म्हणजे मीच. कुकरची शिट्टी होऊन राहिलेली, शाळेत शिकवायला जायची माझी घाई, आणि यांचा निरोप. मी तोंड वाकडं करून ऐकायची. दर गुरुवारी आमच्या बैठकीत भजन असायचं, तिथे मग सगळ्या जणी ते पद पाठ करायच्या. कोणाची सून बाळंतपणात अडली, कोणाचा नवरा दवाखान्यात पडला की सासूबाईंना बोलावणं यायचं. पदानं आजार जातो असं त्यांनी कधी सांगितलं नाही. माझं ऑपरेशन झालं तेव्हा आत नेईपर्यंत त्या माझ्या उशाशी बसून म्हणत होत्या. मला हसू येत होतं, रडूही येत होतं, आणि मध्येच कधीतरी लक्षात आलं की भीती राहिलीच नाही. दुखणं होतं तिथेच होतं. भीती मात्र गेली होती, हे मी कोणासमोरही सांगेन.

मग छत्तीसगढ वेगळं राज्य झालं आणि आमचं रायपूर त्याची राजधानी. रस्ते खणले, तेलीबांध्याकडे बांधकामं निघाली, भोपाळहून साहेबलोक आले, घरांना मागणी आली. आम्हीही वरचा मजला भाड्यानं दिला. नव्या मंत्रालयात लागलेला एक छत्तीसगढी बाबू आणि त्याची बायको. बायको तरुण, गोरीगोमटी, पण बोलणं म्हणून नाही. काही विचारलं तर "हव दीदी", हो ताई, एवढंच म्हणायची आणि जिना चढून जायची. गुरुवारी मात्र दाराशी येऊन बसायची. मराठी तिला कळत नव्हती, तरी बसायची.

त्याच वर्षी सासूबाईंची पदं थांबली. आधी आम्ही मनावर घेतलं नाही. सासरे तर चिडवायचे, "देवाची बदली झाली वाटते भोपाळले." त्या हसायच्या नाहीत. गुरुवारी टाळ हातात घेईनात. आणि हळूहळू जेवण सुटलं. उन्हाळा लागला. रायपूरचा उन्हाळा म्हणजे दुपारी नळाचं पाणीसुद्धा हाताला भाजतं, आणि ही बाई सुकत चाललेली. ओठांना चिरा, डोळे खोल. एकदा न्हाणीत चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "माताजी पानी नहीं पीतीं क्या? ऐसे तो किडनी चली जाएगी."

मी घरी येऊन आदळआपट केली. प्रत्येक खोलीत पाण्याचा तांब्या भरून ठेवला. सकाळी ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच. विचारलं तर, "पेते ना, पेते." दिवेलागणीनंतर थोडंसं प्यायच्या, बस. मला वाटलं कसलं तरी व्रत धरलं असेल, देवावर रुसून. खरं सांगायचं तर मी फार घाबरले होते. ही बाई आपल्या डोळ्यांदेखत जाणार आणि आपल्याला काही करता येणार नाही, असं वाटून मी शाळेत पोरांवर खेकसायची.

एक दिवस गोल बाजारातून लवकर परतले. सासूबाई मागच्या ओसरीत तांदूळ निवडत होत्या. सुपातले हात थांबले. मी दारातच उभी राहिले, त्यांना दिसले नाही. ओठ हलले, आणि त्यांनी स्वतःच्या तोंडावर चापट मारली. मग आणखी एक.

मी पिशवी टाकून त्यांचा हात धरला. "आई, हे काय करून राहिल्या तुम्ही?"

त्या रडायलाच लागल्या. "येते वो बाई. रोजच येते. पण ते आपल्या बोलीत नाही येत. यांच्या बोलीत येते, छत्तीसगढीत. भाजीवालीचं, टीव्हीचं कानात बसलं असन, तेच निघते. देव माह्याशी असा काहून बोलन?"

"अन् पाणी?"

"देवाचं नसन तर म्हणाचं कसं? अन् असलं तर? न पोचवता पाणी कसं पेऊ? संध्याकाळपर्यंत पुसट होते, मंग पेते."

माझ्या डोक्यात सणक गेली. इतके महिने, या उन्हात. त्या दिवसांत जो तो मूळ निवासीचा दाखला काढायला तहसीलच्या चकरा मारत होता. मी ओरडलेच, "देवानं काय वऱ्हाडचा दाखला काढून ठेवला आहे? चाळीस-पन्नास वर्षं छत्तीसगढचा भात खाल्ला तुम्ही, तो इथली बोली नाही शिकणार? म्हणा, काय आलं ते आत्ता म्हणा."

माझा आवाज ऐकून वरची ती मुलगी खाली धावत आली. काय झालं म्हणून जिन्याच्या शेवटच्या पायरीशी थबकली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. गळा कोरडा पडलेला, आवाज फाटलेला. पण म्हटलं.

"काबर रोथस बहिनी, मैं बइठे हंव दुआर म.
तोर अंगना के दीया ला, मैं राखे हंव अँचरा म."

बाई गं, का रडतेस, मी दाराशीच बसले आहे. तुझ्या अंगणातला दिवा माझ्या पदरात जपून ठेवला आहे. एवढंच.

ती मुलगी पायरीवर बसली. मग असा काही हंबरडा फुटला की शेजारची बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. सासूबाई घाबरल्या, आपण काही वाईट बोललो की काय. मग सूप बाजूला सारून तिच्याजवळ गेल्या. त्यांच्या मांडीत डोकं खुपसून तिनं सांगितलं. इथे यायच्या आधी तिचं पहिलं बाळ जन्मताच गेलं होतं. घरच्यांनी बजावलं होतं, नव्या गावात कोणाला सांगू नको, रडू नको, अपशकुन होतो. ती रडलीच नव्हती.

जिन्यावरून कधी त्या नवरा-बायकोचं काही बोलणं सासूबाईंच्या कानावर पडलं असेल, असं माझं मन आजही म्हणतं. म्हणू दे. मी काही तेव्हा ते विचारायला गेले नाही.

बऱ्याच वेळानं ती शांत झाली. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "अउ एक बार गा न, दाई." आणखी एकदा म्हण ना, आई. सासूबाईंनी पुन्हा म्हटलं. या वेळी आवाज लागला. तिचं डोकं थोपटत त्या मला म्हणाल्या, "माह्यासाठी नव्हतंच वो हे. हिचा निरोप होता. मी पागल, इतके दिवस माह्याजवळच दाबून ठेवला."

मग त्यांनी हात पुढे केला. मी माठातून तांब्या भरून आणला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि गटागटा पीत सुटल्या. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडत होतं, त्यांना भान नव्हतं. तांब्या रिकामा करून माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, "आणखी आण."