मी चोळलेला मावा

आमच्या घरी पाहुण्याला चहाच्या आधी पत्रक मिळायचं. दारूविरोधी, हुंडाविरोधी, जे हाताशी असेल ते. मी अक्षरं शिकले तीही पत्रकांवरच. माणसाला नीट सांगितलं की माणूस सुधारतो, यावर माझा ठाम विश्वास होता. दादाने मावा सोडला तेव्हा ते यश मी माझ्याच पत्रकाच्या खात्यात टाकलं. खरं तर त्याचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना, आणि डॉक्टरांनी गालातला पांढरा चट्टा आरशात दाखवून सांगितलं होतं, की हे असंच चालू राहिलं तर कॅन्सर.

पाच महिने त्याने सुपारीला हात लावला नाही. म्हणून शाहूपुरीतल्या आमच्या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात मी त्याला बोलायला आणलं, पहिल्या रांगेत बसवलं. आधी नाटुकलं होतं. त्यात टपरीवाली मी. खोटं काही दाखवायचं नाही, हा आमचा नियम. त्यामुळे खरी सुपारी, खरा तंबाखू, खरा चुना प्लॅस्टिकच्या कागदात घेतला आणि लोकांसमोर खसाखसा चोळायला लागले.

मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, एक पुडी हिकडं बी द्या की!"

सगळे हसले. दादा हसला नाही. त्याचा अंगठा तळहातावर फिरत होता, माझ्याच लयीत. मग तो उठून गेला. मला वाटलं, भाषणाची धास्ती घेतली असेल.

त्याला बोलावलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. तो सभागृहामागच्या टपरीवर सापडला. गाल फुगलेला.

"दादा!"

तो थुंकला. डोळ्यांत पाणी होतं. "मला कळलंच न्हाय गं. पुडी तोंडात गेल्यावर कळलं."

मी त्याला तिथेच, चारचौघांत, नको नको ते बोलले. पाच महिने एका क्षणात घालवलेस म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याला समुपदेशनाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं आणि त्याची तक्रार केली. त्यांनी माझ्याच पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने मेंदू काढला. आत खोलवर हिप्पोकॅम्पस: कुठे, कुणाबरोबर, कसल्या आवाजात खाल्लं, ते जपून ठेवणारा. त्याला लागून अमिग्डला, त्या आठवणीला ओढ चिकटवणारी. आणखी एक ठिपका, सुखाची वाट बघत बसलेला. आणि कपाळामागे ब्रेक.

"तो खसखस आवाज आला की आतले हे आधी जागे होतात," त्या म्हणाल्या. "ब्रेक उशिरा लागतो. कधी लागतच नाही. तुमचं पत्रक फक्त ब्रेकशी बोलतं." मग विचारलं, "यांच्यासमोर मावा चोळला कुणी?"

"मी."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

घरी आल्यावर दादा म्हणाला, "माझ्या खाटंखालचे गठ्ठे तेवढे काढ."

उरलेली पत्रकं मीच तिथे रचली होती. छापलेल्या बाजूवर उघडी मावापुडी, रंगीत, पानभर. पाच महिने तो तिच्यावर झोपत होता.

"आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर माझ्यावरच पत्रक काढलं असतंस की! तुझ्याम्होरं बोलायची सोय हाय व्हय?"

मी गठ्ठे ओढायला लागले. त्याने भिंतीकडे तोंड केलं, आणि शेवटचा गठ्ठा दाराबाहेर जाईपर्यंत तो वळला नाही.