अण्णासाहेबांचं कपाट

किस्से जमवायला फार कष्ट पडत नाहीत. एक कमिटी स्थापन करा, पुरे! दर मीटिंगला एक किस्सा आपोआप पदरात पडतो.

आमची कमिटी होती मराठी बालवाचनालयाची. नवी राज्यं झाली, शेजारचे मराठी जिल्हे मराठी मुलखात गेले आणि आमचं बऱ्हाणपूर मध्यप्रदेशातच राहिलं, तेव्हाची गोष्ट. लोधीपुऱ्यातल्या मराठी शाळेत मी चौथीला शिकवत होते. "आता आपल्या पोरांच्या मराठीचं कसं व्हायचं?" म्हणून गावातल्या मोठ्या माणसांनी सरकारी मदतीतून गोष्टींची पुस्तकं आणली, चांगली जाडजाड. ती ठेवायला शाळेत काचेचं कपाट आणलं. आणि पहिला ठराव केला, कपाटाला कुलूप लावायचा!

चाबी अध्यक्ष अण्णासाहेबांकडे. सुताचे व्यापारी. चाबी जानव्याला बांधलेली.

मी म्हटलं, "अण्णासाहेब, पुस्तकं मुलांच्या हाती कधी द्यायची?"

"मुलांच्या? अहो बाई, खराब नाही का करणार ती!"

"मग कुणासाठी आणलीत?"

"पाहुणे येतात ना शाळेत!"

*

पुस्तकं वर्षातून एकदा बाहेर निघत, दसऱ्याला. पाटावर मांडून सरस्वतीपूजन होई. हळद, कुंकू, झेंडूची फुलं. मुलं हात जोडून उभी.

एकदा एका पोराने पूजा झाल्याझाल्या वरचं पुस्तक उघडलं. अण्णासाहेबांनी त्याच्या हातावर फटका मारला. "मूर्खा, पूजेच्या दिवशी वाचत नसतात!"

दुसऱ्या दिवशी ते पोर बिचारं परत आलं. "आज वाचू?"

"आज? आज ती कपाटात गेली!"

*

आमचे जोशीमास्तर तिसरीला वाचन शिकवायचे. पद्धत सोपी. मास्तरांनी एक ओळ म्हणायची, वर्गाने ती ओरडून म्हणायची. पुस्तकाकडे कुणी बघितलंच पाहिजे असं नव्हतं. आवाज मात्र पार रस्त्यापर्यंत जायचा, आणि रस्त्यावरचे आईबाप खूश व्हायचे की शिक्षण जोरात चाललंय!

एकदा ओळ म्हणता म्हणता मास्तरांना शिंक आली.

अख्खा वर्ग शिंकला.

मास्तर माझ्याकडे अभिमानाने बघून म्हणाले, "बघा बाई, एकसुद्धा चुकला नाही!"

*

कमिटीचे दुसरे खांब म्हणजे वकीलसाहेब. मातृभाषेवर बोलायला उभे राहिले की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. शाहपूरच्या सभेत ते असे काही बोलले, की केळीचे घड गाडीत भरायचे सोडून शेतकरी ऐकत उभे राहिले. "आपली मुलं मराठीतच शिकली पाहिजेत! भाषा गेली की माणूस गेला!"

परतताना टांग्यात मी विचारलं, "नातवाला कधी घालताय आमच्या शाळेत?"

"तो इंग्रजी शाळेत आहे."

"मग आत्ताचं भाषण?"

"बाई, त्याचं वेगळं आहे," वकीलसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "त्याला पुढे जायचंय!"

*

माझ्या वर्गात कमल नावाची मुलगी होती. तिखट जिभेची. जे दिसेल ते वाचायची. दुकानांच्या पाट्या, भज्यांचा कागद, सिनेमाची भित्तिपत्रकं. हिंदी असो की मराठी, तिला सारखंच. मधल्या सुट्टीत ही कपाटाच्या काचेला नाक लावून उभी.

एक दिवस तिची आई आली. "बाई, इला वाचाले काहीतरी द्या हो. कागदाचा पुडा दिसला की वाचत बसते, अन् तव्यावरची पोळी जळून जाते!"

मला त्या बाईचा फार हेवा वाटला. माझ्या बाकीच्या पोरांच्या घरी एकही पोळी जळत नव्हती.

तशीच उठले आणि अण्णासाहेबांच्या पेढीवर गेले. "एकच पुस्तक द्या. कमलसाठी. जबाबदारी माझी."

अण्णासाहेबांनी जानव्यावरून हात फिरवला. "आधी चांगलं वाचायला शिकू दे तिला. मग देऊ!"

म्हणजे आधी पोहायला शिका, मग नदीत उतरा. मी भयंकर चिडले आणि नमस्कार करून परत आले. दुसरं काय करणार?

*

आणि मग शिक्षणखात्याचा वरून हुकूम आला. ज्या वाचनालयातली पुस्तकं मुलं वाचत नसतील, त्यांची पुस्तकं उचलून खंडव्याच्या गोदामात टाकायची. तपासायला साहेब येणार.

कमिटीची गाळण उडाली. माझीही. कुलपात का होईना, पुस्तकं निदान कमलच्या नाकासमोर होती. गोदामात उंदरांशिवाय कोण जाणार?

साहेब आले. हिंदीभाषक, पण मराठी समजणारे, शांत गृहस्थ. अण्णासाहेबांनी स्वतः कुलूप उघडलं. "देखिए साहब, इतने साल हो गए, एक पन्ना नहीं फटा!"

"बच्चे पढ़ते हैं?"

"खूब पढ़ते हैं!"

साहेबांनी मुलांच्या रांगेतून नेमकं कमललाच पुढे बोलावलं. "बेटी, तुमने कौन-कौन सी किताबें पढ़ी हैं?"

कमलने हात मागे बांधले आणि वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत एकेका पुस्तकाचं नाव घडाघडा म्हणून दाखवलं, एकदाही कपाटाकडे न बघता. साहेब थक्क. वकीलसाहेबांच्या डोळ्यांत पाणी. अण्णासाहेबांची छाती फुगलेली.

साहेबांनी एक निळं पुस्तक काढून तिच्यापुढे धरलं. "वाह! इसमें क्या कहानी है?"

"माहीत नाही," कमल म्हणाली.

"क्यों?"

"काचेतून नुसती नावं दिसतात. आतलं काकांना विचारा, चाबी त्यांच्याजवळ असते."

साहेबांनी पुस्तक अण्णासाहेबांच्या हाती दिलं. "तो आप ही सुना दीजिए. पहले पन्ने से."

अण्णासाहेबांनी पुस्तक उघडायला घेतलं. उघडेना. त्या काळी काही पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच येत, वाचणाऱ्याने ती कापून सुटी करायची. हे पुस्तक छापखान्यातून जसं निघालं होतं, तसंच्या तसं होतं. अण्णासाहेबांनी नखाने प्रयत्न केला, मग घाम पुसला, आणि शिपायाकडे वळून ओरडले, "अरे, बघतोस काय? सुरी आण!"

तेवढ्यात कमल बोलली.

"काका, सुरी मंग आणा. पयले चाबी बाईंकडे द्या!"