आमच्या भागाची मतं

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलचे आमचे हेमचंद्रकाका युनिव्हर्सिटीत आकडेवारीचं काम करायचे. इथं कायद्याच्या प्रस्तावांवर लोकच थेट मत देतात; कुठल्या वस्तीनं कसं मत दिलं, यावरून ती मोकळ्या मनाची की जुन्या वळणाची ते ठरवायचे. "आपला भाग मोकळाच," असं छातीठोक सांगायचे. शहाऐंशी साली इंग्रजीलाच राज्यभाषा करायचा प्रस्ताव आला आणि आमच्या भागात चारांतल्या तिघांनी 'हो' म्हटलं.

"आपल्याकडे मोदक खाऊन गेलेली माणसं ही!" काकांनी पुढच्या गणपतीला एकाही अमेरिकन शेजाऱ्याला बोलावलं नाही; आम्ही मराठी मंडळीच होतो.

आरती झाल्यावर त्यांचा लेक अतुल म्हणाला, "डॅड, यस तर मीपण दिलं होतं."

त्याच्या हातात काकांनीच इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली आरती होती. काकांनी हातातलं प्रसादाचं तबक खाली ठेवलं. अतुलला प्रसाद मग मीच दिला.